माझं बिस्कीट कुठंय?

सुट्टी लागली की आपल्यापैकी अनेकांच्या गळ्यात एक काम पडतं, ज्याचा उल्लेख आपण रेझ्युमेत कधीच करत नाही. घरातलं सगळ्यात लहान पोर सांभाळणं. भाचा, पुतणी, मामेबहीण, शेजारच्या काकूंची छकुली, कुणीही असो. 'तुला काय, सुट्टीच आहे ना!' हे वाक्य ज्याला ऐकावं लागलं नाही असा एकही कॉलेजवाला मला अजून भेटलेला नाही. मग आपण काय करतो? खरं सांगा. घरातला जुना फोन त्या पोराच्या हातात देतो, आपला फोन आपण घेतो, आणि दोन पार्ट्या दोन कोपऱ्यांत गप्प बसतात. आई बाहेर येऊन म्हणते, 'किती शहाण्यासारखी बसलीत!'

मीही तेच करत होते. पण या सुट्टीत मी एक वेगळा उद्योग केला आणि तो तुम्हीही करावा असं माझं मत आहे, म्हणून हा लेख. त्या पोराला घेऊन घरी बिस्किटं भाजा. थांबा, लगेच पान उलटू नका. माहितीये, हे ऐकायला इन्स्टावरच्या गोड-गोड आईसारखं वाटतं. पांढरा ओटा, पांढरा एप्रन, हसरं बाळ. तसलं काही मी सांगत नाहीये. माझी एक अट आहे आणि ती मला स्वतःची फजिती झाल्यावर कळली.

एप्रिलमध्ये माझी ताई दुसऱ्या बाळंतपणासाठी साताऱ्याला, माहेरी आली. सोबत तिचा मोठा मुलगा, वय वर्षं पाच. घरात त्याला आम्ही चिकू म्हणतो आणि तो मला माऊ. बाळ आलं आणि घराचं रूपच पालटलं. खोलीत धुरीचा वास, दोरीवर दुपट्यांची रांग, स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू, आणि बाळ बघायला येणाऱ्या आज्ज्या-काकूंची वर्दळ. या सगळ्यात चिकूच्या वाट्याला काय आलं, तर 'हात लावू नको'. बाळाला हात लावू नको, हात धुतलेस का? दुपट्याला लावू नको, धुतलेली आहेत. पाळण्याला धक्का देऊ नको. आईच्या अंगावर चढू नको, टाके दुखतात. मोठ्याने बोलू नको, आत्ता झोपलंय. आम्हाला कॉलेजात निरीक्षणाची असाइनमेंट असायची, तेव्हापासून मला उगाच मोजायची खोड लागलीय. एका दुपारी मी मोजलं. जेवण ते चारचा चहा, एवढ्या वेळात त्याला १९ वेळा 'नको' ऐकावं लागलं. त्यातले ६ माझे होते.

आठवड्याभरात चिकूने आईच्या खोलीत जाणंच सोडलं. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा. आत ये म्हटलं तर मान हलवायचा.

आई म्हणाली, 'याला जरा गुंतव गं कशात तरी.' मी म्हटलं, चला, कुकीज करू. आणि इथेच पहिली माती खाल्ली. कारण माझ्या डोक्यात कुकीज नव्हत्या, रील होती.

मी फोन ट्रायपॉडला लावला. सगळं साहित्य आधीच मोजून छोट्या-छोट्या वाट्यांत मांडून ठेवलं. चिकूचं काम एवढंच, की मी हो म्हटलं की वाटी उपडी करायची. 'इकडे बघ, हस, परत एकदा ओत.' मग गोळे वळायची वेळ आली. त्याने मन लावून वळले. एक लाडवाएवढा, एक रुपयाच्या नाण्यासारखा, आणि एकाला लांब शेपूट. 'ही पाल आहे,' तो म्हणाला. मी म्हटलं, 'मस्त! जा, हात धुऊन ये.' तो बाथरूममध्ये गेल्यावर मी सगळे गोळे मोडले आणि पटापट एकसारखे वळून टाकले. वर पिस्त्याचे काप. फोटोत कसे छान दिसायला हवेत ना.

ट्रे बाहेर आला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, 'माझं बिस्कीट कुठंय?'

'सगळी तुझीच आहेत की!'

'नाही. पालीचं कुठंय?'

तो रडला नाही. रडला असता तर मी समजूत काढली असती. त्याने एकही बिस्कीट खाल्लं नाही आणि जाऊन पुन्हा त्या चौकटीला टेकून उभा राहिला. त्या दिवशीचा विसावा 'नको' मी तोंडाने उच्चारलाच नव्हता. तो हाताने दिला होता आणि तो आधीच्या १९ पेक्षा जोरात लागला. रीलला बरे लाइक्स आले. रात्री मी ती काढून टाकली.

तर माझी अट ही. पोराला बरोबर घेऊन बिस्किटं करायची असतील, तर त्याने केलेलं बिस्कीट जसं आहे तसं ट्रेमध्ये गेलं पाहिजे, भाजलं गेलं पाहिजे आणि कुणीतरी खाल्लं पाहिजे. तेवढी तयारी नसेल तर करूच नका, बेकरीतून पुडा आणा. तुमच्या हाताखाली वाट्या उपड्या करणारा मदतनीस म्हणून त्याला उभं करणार असाल, तर फोनच बरा. फोनवरचा गेम निदान तो स्वतः तरी खेळतो.

याला शास्त्राचाही थोडा टेकू आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन अॅरिएली या तिघांचा २०१२ मधला एक अभ्यास बराच गाजला. त्याचं नावच 'आयकिया इफेक्ट' पडलं. माणसांना स्वतः जोडलेला खोका किंवा स्वतः घातलेली कागदाची घडी प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा मौल्यवान वाटते, असं त्यांना दिसलं. एवढं बहुतेकांना माहीत असतं. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, जो सहसा कुणी सांगत नाही. केलेली वस्तू मोडून टाकली किंवा ती पुरीच होऊ दिली नाही, तर ते प्रेम नाहीसं होतं. हा अभ्यास मोठ्या माणसांवर होता, पाच वर्षांच्या पोरांवर नव्हता. पण बाथरूममधून हात धुऊन परत आलेल्या चिकूचा चेहरा मी पाहिलाय.

मग मी आईला विचारलं, 'तुम्ही लहानपणी नानखटाई कशी करायचा?' आईला हसूच आलं. 'घरी कुठे ओव्हन होते?' तेव्हा लोक आपला रवा, मैदा, साखर आणि तूप (खरं तर डालडाच) घेऊन बेकरीत जायचे. सामान आपलं, भट्टी बेकरीवाल्याची. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात तिथे नंबर लागायचे. मोठी माणसं घरी जायची आणि नंबर धरायला पोरं बसायची. आईच्या गल्लीतल्या बेकरीत तर काळेकुट्ट पत्रे पोरांच्या पुढ्यात ठेवायचे आणि गोळे पोरांनीच लावायचे. चार घरांची बिस्किटं एका भट्टीत, मग आपली ओळखायची कशी? आई आणि मामा प्रत्येक गोळ्यावर अंगठ्याने दोनदा दाबायचे. ती त्यांची खूण. डबा भरून घरी येईपर्यंत त्यातली चार-सहा कमी झालेली असायची, ते वेगळं. तुमच्या घरी आई-बाबांना किंवा आजीला विचारून बघा, असं काहीतरी नक्की निघेल. आज शहरांत लहान मुलांच्या बेकिंग वर्कशॉपला फी भरून पाठवतात. आई म्हणाली, 'आम्हाला ते पैसे द्यावे लागले नाहीत, उलट नंबर धरल्याबद्दल एक बिस्कीट जास्त मिळायचं.'

नानखटाई हा पहिल्या प्रयोगासाठी एकदम बेस्ट प्रकार आहे. सुरतेच्या डच बेकरीत तिचा जन्म झाला असं सांगतात. पण मला तिचा मोठा गुण वाटतो तो हा, की तिच्यात अंडं नाही, कटर लागत नाही, लाटणं लागत नाही आणि तिला तडे गेले तर लोक कौतुक करतात. वाकडं होऊ शकेल असं तिच्यात फारसं काही नाहीच.

१ वाटी मैदा, पाव वाटी बेसन, २ चमचे बारीक रवा, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तूप, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ आणि वेलची. तूप थिजलेलं घ्या. पहिल्या वेळी मी घाईत पातळ करून घेतलं आणि सगळी बिस्किटं पापडासारखी पसरली. थिजलेलं तूप आणि साखर हाताने फेसली की त्यात हवा धरून राहते, पातळ तुपात ती टिकत नाही. फेसायचं काम पोराला द्या. परातीत पाच बोटं फिरवायची आणि 'पांढरं झालं का गं?' असं दर अर्ध्या मिनिटाला विचारायचं, यात दहा मिनिटं सहज जातात. मग कोरडं साहित्य चाळून त्यात घाला आणि गोळा जमेपर्यंत हलक्या हाताने एकत्र करा, कणकेसारखं तिंबू नका. लहान मुलांचे हात गरम असतात, त्यामुळे वळता-वळता तूप सुटायला लागतं. तसं झालं तर गोळे १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचे, तेवढ्यात ओटा पुसून होतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई. तळाला बोटभर मीठ, त्यावर स्टँड किंवा उपडी वाटी, झाकण ठेवून १० मिनिटं तापवा. मग ताटली आत ठेवून बारीक गॅसवर २० ते २५ मिनिटं. ओव्हन असेल तर १७० अंशांवर साधारण १५ मिनिटं. बाहेर काढल्यावर ती मऊच लागतात, गार झाली की खुसखुशीत होतात. कच्ची राहिली असं वाटून पुन्हा भाजत बसू नका. मी बसले होते.

कुणाला काय काम द्यायचं? तीन वर्षांच्या पोराला चाळणी द्या. मैदा जमिनीवर सांडणार आहे हे आधीच मान्य करून खाली वर्तमानपत्र अंथरा (हे पान वाचून झाल्यावर हेच चालेल). चार-पाच वर्षांचं पोर गोळे वळतं. सहा-सात वर्षांच्या पुढे मोजमापही त्यांच्यावर सोडा. अर्धी आणि पाव यातला फरक तिथे जेवढा चटकन कळतो तेवढा पुस्तकातल्या रंगवलेल्या वर्तुळात कळत नाही.

दोन बाबतींत मात्र माझा 'नको' कायम आहे. एक, गॅस आणि गरम ताटली. आम्ही खडूने फरशीवर लक्ष्मणरेषा काढली. आम्ही म्हणजे चिकूनेच काढली, त्यामुळे ती त्याने पाळली आणि मी चुकून ओलांडली तर मला रागावलाही. दुसरं, कच्चं पीठ चाटायचं नाही. अंडं नाही म्हणजे चालतं, असं आपल्याला वाटतं. पण कच्च्या मैद्यातही पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. तोंड चालू ठेवायला त्याला एका ताटलीत थोडे मनुके देऊन टाका.

आता तुमच्या मनातले प्रश्न. 'मैदा, साखर, तूप? हे काय हेल्दी आहे?' नाही, हेल्दी नाहीये. गव्हाचं पीठ आणि गूळ घालून करता येतात, पण मी खोटं बोलणार नाही, मैद्याची जास्त चांगली लागतात. महिन्यातून एकदा घरी केलेल्या दोन नानखटाया खाल्ल्याने कुणाचं काही बिघडत नाही. आणि ज्या पोराला एकदा परातीत हात घालायची सवय लागते, ते पुढे कोशिंबिरीतही हात घालतं. चिकूने मागच्या महिन्यात स्वतः दाणे कुटून काकडीची कोशिंबीर केली आणि खाल्लीसुद्धा. याआधी काकडी त्याच्या ताटात ठेवली तर ती ताटाबाहेर जायची.

'वेळ कुठे आहे?' एक तास. मी माझ्या फोनचा स्क्रीन टाइम बघितला आणि हा प्रश्न परत विचारला नाही.

'पसारा किती होतो!' होतो. प्रचंड होतो. इथे मला मुलग्यांशी थोडं बोलायचंय. मामा आणि काका मंडळी, तुम्ही भाच्याला बाइकवर पुढे बसवून चक्कर मारून आणता आणि 'मी सांभाळलं त्याला' म्हणता. पुढच्या वेळी परात घ्या. आणि नंतर ओटा तुम्हीच पुसा. पोराला मजा द्यायची आणि पसारा आईवर टाकायचा, ही सोय आपल्या घरांत फार जुनी आहे. आमच्या घरात तर मीसुद्धा पहिल्या दिवशी रील एडिट करत बसले होते आणि तुपाची परात आईनेच घासली. ताईला दूध-हळद देऊन, बाळाला न्हाऊ घालून झाल्यावर.

रीलचं म्हणाल तर, काढायची तर काढा, पण पोराच्या हातांची काढा, चेहऱ्याची नको. पाच वर्षांच्या मुलाला 'तुला चारशे अनोळखी लोकांनी बघितलं तर चालेल का?' असं आपण विचारत नाही. विचारलं तरी त्याला ते कळणार नाही. शिवाय कॅमेरा लावला की आपण ट्रेकडे फोटोच्या नजरेने बघायला लागतो आणि मग पालीचं शेपूट आपल्याला खुपतं. माझं तेच झालं.

एक गोष्ट लिहिता लिहिता आठवली. कॉलेजात मराठी बालशिक्षणावर एक प्रेझेंटेशन करताना मी ताराबाई मोडकांबद्दल वाचलं होतं. त्यांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं गावात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी आजूबाजूला मिळेल ते वापरलं, शिंपले, दगड, बिया. प्रेझेंटेशनमध्ये मला बरे मार्क पडले आणि मी ते विसरून गेले. आता दुकानात ताईने चिकूसाठी पाहिलेला प्लॅस्टिकचा खोटा किचन सेट आठवतो. दिवा लागणारा खोटा ओव्हन आणि रंगवलेली खोटी बिस्किटं. घरात खरी परात आणि खरं पीठ असताना!

दुसऱ्या वेळी मी फोन आत कपाटात ठेवला. चिकूने मोजलं, सांडलं, परत मोजलं. एकूण १५ बिस्किटं झाली, एकासारखं दुसरं नाही. एक पाल, एक बस, एक 'काहीच नाही'. पालीचं शेपूट बारीक असल्याने जळलं. मला वाटलं, झालं आता. तर तो म्हणाला, 'पालीचं शेपूट तुटतंच.'

मग त्याने वाटे केले. आजीला बस. आबांना दोन, कारण ते भांडत नाहीत. मला 'काहीच नाही'. बाबा रविवारी पुण्याहून येणार, त्यांचं एक वेगळं काढलं. ताटली घेऊन तो आईच्या खोलीच्या चौकटीपर्यंत गेला, थांबला आणि आत शिरला. पाल आईला दिली. ताईला खरं तर त्या वेळी पथ्य होतं आणि आजी दारातून खुणा करत होती. ताईने आजीकडे न बघता जळक्या शेपटासकट ती अख्खी खाल्ली आणि बोटंही चाटली.

एक बिस्कीट उरलं होतं, ते बाळाचं. आम्ही म्हटलं, अरे, त्याला दात नाहीत. 'मग येतील तेव्हा,' तो म्हणाला. देवघरातली कुंकवाची एक रिकामी स्टीलची डबी मिळवून त्याने बिस्कीट त्यात ठेवलं आणि डबी पाळण्याजवळच्या खिडकीत. ताई सव्वा महिन्याने पुण्याला परत गेली तेव्हा डबीसुद्धा गेली. परवा व्हिडिओ कॉल केला तर बाळ पालथं पडायला लागलंय. मागे खिडकीत डबी दिसत होती. आत त्या बिस्किटाचं काय झालं असेल ते उघडून बघावं, असं ताईच्या मनात येतं. पण ती डबी उचलायला गेली की कुठूनही आवाज येतो, 'आई, हात लावू नको!'